प्रतिसाद: १२३४५६७८९८७६५४३२१ मूळ संख्या आहे का?

नाही, ही संख्या १११११११११ (नऊ एक्के) चा पूर्ण वर्ग आहे, म्हणजे मूळ असणं शक्यच नाही. देवळालीचे गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी (१२१, १२३२१ असे फक्त एक्क्यांच्या संख्यांचे वर्ग) ही एक.

अवयव पाडायचे तर वर्गमुळापासून सुरुवात करा: १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे प्रश्नातल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

वर कुणीतरी लिहिलंय की अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो. भाग जातो हे खरं, पण कारण ते नाही. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते. वर्गमूळ ९ ने विभाज्य, म्हणून वर्ग ८१ ने. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग, फार देखणी गोष्ट आहे ही!

११² = १२१, १११² = १२३२१, "हा नमुना पुढे असाच चालतो" हे मात्र चूक. दहा एक्क्यांच्या उभ्या गुणाकारात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा डावीकडच्या ९ वर जातो, तिथेही १० होतात, पुढचा ८ चा ९ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

ज्यांना संगणकावर नऊ एक्क्यांचा वर्ग काढताना शेवटी ३२१ ऐवजी ३२० दिसतंय: ब्राउझरमधल्या साध्या जावास्क्रिप्ट संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे कोणताच विषम पूर्णांक अचूक धरू शकत नाहीत. एक्सेल तर पंधरा अंकांनंतर शून्यंच भरतं. पायथॉनचा पूर्णांक वापरा, आणि वर्ग करताना दशांशचिन्ह कुठेही येऊ देऊ नका.