सागवानी टेबलटॉप उन्हाळ्यात फाटला, आता चिकटवू की पावसाळ्यापर्यंत थांबू?

मदत हवी आहे मंडळी. मागच्या ऑगस्टमध्ये घरीच स्टडी टेबल बनवला, टॉप 4 फूट बाय 2 फूट, 4 इंची सहा सागवानी फळ्या उभ्या जोडून, जाडी 1 इंच. दिवाळीपर्यंत एकदम मस्त होता. आता नागपूरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पारा 44 च्या वर गेला आणि एका दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज आला, बघतो तर मधला जोड एका टोकाकडून फूटभर उघडलेला, टोकाला दोन रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी फट.

एकदा भुसा आणि गोंद भरून पाहिलं, आठवड्यात त्याच्याच बाजूला परत केसासारखी रेघ. चूक बहुतेक माझीच, टॉप खालच्या फ्रेमला आठ स्क्रूंनी गच्च आवळलाय, लाकडाला आडवं सरकायला जागाच ठेवली नाही. आता स्क्रू काढले तर फट थोडी मिटली, पण पूर्ण नाही.

लाकूड आरामशीनवरून घेतलं, सुकलेलं आहे म्हणाले होते, मॉइश्चर मीटर नाही माझ्याकडे. हातरंधा, सर्क्युलर सॉ आणि तीन क्लॅम्प एवढंच सामान, काम बाल्कनीत. खोलीत दिवसभर कूलर चालतो (तोही टेबलाच्या बाजूलाच, हे नंतर लक्षात आलं). प्लायवूड घे असं प्लीज सांगू नका, ते बायकोने आधीच सांगून झालंय.

तर जोड कापून, रंधा मारून आत्ताच चिकटवू का जुलैत हवा दमट झाल्यावर? आणि 2 फूट रुंदीला फ्रेममधली स्क्रूची भोकं किती मिमी लांबट करू?