एक्झॉस्टमधून गुलाबी अँटीफ्रीझ आलं, म्हणजे इंजिन हिवाळ्यासाठी तयार झालं का?

पहिला_हिवाळा:
नमस्कार मंडळी. याच वर्षी जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतली. आत छोटं डिझेल इंजिन आहे, त्यात थंड करायला बाहेरचंच पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनच्या मुख्य बिडाच्या भागातून, फिरतं. काल बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली. पाणी ओढणारा पाइप सीकॉकवरून (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हवरून) सोडवून बादलीत घातला, बादलीत दहा लिटर गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारं द्रव. इंजिन सुरू केलं आणि मिनिटाभरात एक्झॉस्टमधून गुलाबी धार आली, तेव्हा बंद केलं. एवढ्यानं भागलं का? या आठवड्यात रात्रीचा पारा शून्याखाली जाणार आहे.

ठोकळ्यावरची_बोट:
मी दरवर्षी असंच करतो, कधी काही झालं नाही. गुलाबी आलं की झालं. डिझेलची टाकी मात्र जवळपास भरून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून दव धरतं.

जुनी_डोलकाठी:
थांबा, भागलेलं नाही. मिनिटाभरात गुलाबी आलं, याचीच मला काळजी वाटते.

इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो. अशा वेळी पंपानं ओढलेलं पाणी बहुतेक ब्लॉकला वळसा घालून बाहेरच्या बाहेर एक्झॉस्टमध्ये जातं. तुम्हाला दिसलं ते अँटीफ्रीझ त्या वाटेनं आलं. ब्लॉकच्या पोटात शेवटच्या फेरीचं पाणी जसंच्या तसं असणार. वरच्या मित्रांचं इंजिन बहुधा बंद शीतकाचं असावं, म्हणजे आतल्या आत फिरणाऱ्या न गोठणाऱ्या द्रवानं थंड होणारं. त्यात ब्लॉकमध्ये बारा महिने शीतकच असतं, म्हणून त्यांचं निभावतं.

माझ्या पहिल्या बोटीचं इंजिन मी असंच गमावलं. गुलाबी धार पाहून जीव भांड्यात पडला आणि मी ताडपत्री ओढून घरी गेलो. बर्फ वितळल्यावर इंजिन सुरू केलं, थोड्या वेळानं तेलाची पट्टी काढून पाहिली तर तेल दुधाळ, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं. ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला रंगाखाली केसाएवढी रेघ होती, तिच्यावरून नख फिरवलं की अडकायचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि बिडाला ते सोसत नाही. ती रेघ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आता करायचं ते असं. ब्लॉकच्या बाजूला, तळाशी, ड्रेन प्लग असेल. खाली डबा धरा आणि उघडा. काहीच आलं नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं मुळीच समजू नका. गंज आणि गाळ त्या भोकात घट्ट बसलेला असतो. ताठ तार घालून हलवा. पाणी पूर्ण निथळलं की प्लग लावा, थर्मोस्टॅट काढून ठेवा, झाकण परत बसवा आणि मग बादलीतून अँटीफ्रीझ ओढू द्या. आता ते ब्लॉकमधून जाईल.

रिकामं करणं टाळू नका, कारण अँटीफ्रीझच्या डब्यावरचा उणे ४६ अंशांचा आकडा पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नाही. त्याचा चिखलासारखा बर्फ त्याच्या कितीतरी आधी होतो आणि आत उरलेलं पाणी मिसळलं की ते आणखी कमजोर पडतं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत आणि नळांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घाला. गाडीतलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

शांत_बंदर:
बॅटरीचं कुणी बोललं नाही. लेड-अॅसिड असेल तर पूर्ण चार्ज करून तारा सोडवा. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही टिकते, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठू शकते.

पहिला_हिवाळा:
दादा, आज सकाळीच गेलो. प्लग उघडला, थेंबही आला नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर तसाच परत लावला असता. तार घातली, आधी गंजाच्या पापुद्र्यांचा गोळा पडला आणि मग तपकिरी पाणी. डब्यात दीड लिटर तरी भरलं. थर्मोस्टॅट काढून पुन्हा अँटीफ्रीझ ओढलं. आता प्लग किंचित सैल केला तर तिथूनही गुलाबीच येतं. मनापासून आभार.

जुनी_डोलकाठी:
वा, फार बरं वाटलं! प्लगमधून गुलाबी आलं, आता ब्लॉकची चिंता नाही.

हातासरशी इम्पेलरही (पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) काढून ठेवा, महिनोन्‌महिने दबून राहिला की रबराची पाती वाकडीच राहतात. इंजिनचं तेल आत्ताच बदला, वापरलेल्या तेलातलं आम्ल हिवाळाभर बेअरिंगला लागून राहायला नको. आणि सीकॉक बॉल व्हॉल्व्हचे असतील तर बंद ठेवू नका. बंद केल्यावर आतल्या गोळ्यात पाणी कोंडतं आणि तिथंच व्हॉल्व्ह तडकतो. बोट जमिनीवर आहे, तेव्हा दोनतीनदा उघडझाप करून पाणी झटकून टाका आणि उघडेच राहू द्या.

ताडपत्रीची दोरी बोटीला टेकू दिलेल्या स्टँडना कधीही बांधू नका. वारा शिरला की ताडपत्री फुगते आणि दोरी स्टँडला ओढून बाजूला काढते. दोरी बोटीच्या पोटाखालून घेऊन पलीकडे बांधा. दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा ठेवा, नाहीतर आत बुरशी धरेल. थर्मोस्टॅट आणि इम्पेलर एका पिशवीत घालून इंजिनच्या किल्लीलाच बांधा, म्हणजे ते न बसवता कुणी इंजिन सुरू करणार नाही.