विषय: दिवाळी नृत्यस्पर्धेचे वयोगट आणि पातळ्या – मतं हवीत

सांस्कृतिक समिती, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षीच्या स्पर्धेनंतर आलेल्या तक्रारी रास्त होत्या. म्हणून यंदा नियम आधीच लिहून काढतोय. वयोगट: ५ ते ८, ९ ते ११, १२ ते १४, १५ ते १८, पुढे सगळे 'मोठे'. ९ ते ११ आणि १२ ते १४ हे दोन गट यूथ अमेरिका ग्रां प्री या बॅले स्पर्धेत आहेत तसेच घेतले. समूहनृत्याला मुलांचं सरासरी वय धरायचं; इथल्या बऱ्याच स्टुडिओ स्पर्धांत तसंच करतात. पातळ्या दोन, नवोदित आणि अनुभवी. क्लासला तीन वर्षं झाली नसतील तर नवोदित.

ठाण्याच्या ताई, भारतात परत जाण्याआधी इतकी वर्षं इथल्या मुलांची नृत्यं तुम्हीच बसवलीत. एकदा नजर घालाल का?

ताई, ठाणे

दादा, मसुदा दोनदा वाचला. सरासरीचा नियम मात्र आहे तसा ठेवू नका.

मागच्या गणपतीत घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत मी परीक्षक होते. नियम हाच होता. एका कोळीनृत्यात पाच मुली. वयं ७, ७, ८, ८ आणि १५. बेरीज ४५, सरासरी ९. म्हणून त्या ९ ते ११ च्या गटात आल्या. पंधरा वर्षांची मुलगी मधोमध, वल्हवण्यापासून गिरक्यांपर्यंत सगळं तिचं. चौघी दोन्ही बाजूंना हात हलवत उभ्या. त्या बसल्या त्याही तिच्या खुणेवर, उठल्या त्याही. त्यांच्यासमोर होत्या खरोखर नऊ-दहा वर्षांच्या सहा मुली, महिनाभर पार्किंगमध्ये सराव केलेल्या. नियम पाळून गुण दिले आणि पहिलं बक्षीस कुणाला गेलं ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या सहांपैकी एक माझ्या क्लासला येते. सोमवारी घुंगरू बांधता बांधता तिने विचारलं, "ताई, ती दहावीतली होती ना?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून मनात टोचतंय.

सरासरी हवी तर ठेवा, पण सोबत एक ओळ घाला: गटाच्या वरच्या वयापेक्षा दोन वर्षांहून मोठं कुणी असेल, तर आख्खा समूह त्या मोठ्या मुलाच्या वयोगटात जाईल. लहान भावंडाला सोबत घेऊन नाचायची हौस त्याने मरत नाही. मोठ्या मुलीला खाली उतरवून बक्षीस मिळवणं तेवढं थांबतं.

वय कोणत्या तारखेचं, तेही लिहा. १ जानेवारी धरा. आयरिश नृत्याच्या स्पर्धांत तसंच धरतात. नाहीतर एकच मूल गणपतीत एका गटात आणि दिवाळीत दुसऱ्या गटात.

५ ते ८ मध्ये पाच-सहा वर्षांच्यांना बक्षिसंच नकोत असं माझं ठाम मत आहे. त्यांना नाचू द्या, सगळ्यांना खाऊ द्या. त्या वयात विंगेतून आई दिसली की निम्मं नृत्य तिच्याकडे बघत होतं.

काका, नेरूळ

ताई, नमस्कार. लेकाकडे सहा महिने राहून आलो तेव्हापासून या ईमेल यादीवर आहे. पातळीसाठी तयार शिडी आहेच की. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यातून वाढलेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आमच्या वाशीतही आहे. कथक आणि भरतनाट्यमच्याही परीक्षा असतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा, विशारद, अलंकार. प्रवेशिका पूर्ण होईपर्यंत नवोदित, पुढे अनुभवी. माझ्या नातीने प्रवेशिका प्रथम दिली आहे, म्हणून सुचलं.

एक पालक, न्यू जर्सी

ताई, सगळ्यांसमोर विचारतो. माझी मुलगी आठ वर्षांची. दोन वर्षं सलग नवोदितमध्ये पहिली आली. क्लास शनिवारी एकच तास आणि अजून तीन वर्षं व्हायची आहेत, म्हणजे यंदाही ती नवोदितच ना? वर ढकललं तर हिरमुसेल, नाच सोडेल अशी भीती वाटते.

ताई, ठाणे

काका, शिडी चांगलीच आहे आणि शास्त्रीय नृत्याला तीच लावूया. पण परीक्षेत मुलगी तत्कार म्हणजे पायांचं काम करते, हातावर ताल देत पढंत करते म्हणजे बोल म्हणते, तोंडी प्रश्नांची उत्तरं देते. लावणीचा ठसका किंवा मंगळागौरीची फुगडी त्यात कुठेच तपासली जात नाही. उलटंही आहे. मध्यमा झालेली मुलगी लोकनृत्यात पहिल्यांदा उतरली तरी तिची लय आणि पावलं पक्की असतात, तिला अगदी नवख्यांत बसवणं बरोबर नाही. म्हणून दोनाऐवजी तीन पातळ्या करा, मधली 'मध्यम'. आपल्या नृत्यप्रकारात आपली पातळी, दुसऱ्या प्रकारात एक पायरी खाली.

वर्षं मोजण्यात अर्थ नाही. शनिवारच्या एका तासाची तीन वर्षं आणि आठवड्याला चार दिवसांचं एक वर्ष, यात दुसरी मुलगी पुढे असते, हे मी रोज बघते.

आता तुमच्या मुलीबद्दल. दादा, तुमची काळजी मला कळते, मीही आई आहे. पण दोनदा पहिली आलेल्या मुलीने तिसऱ्यांदा तिथेच उभं राहू नये. आयरिश नृत्यात खालच्या पातळीवर पहिलं आलं की त्या नाचात वर जावं लागतं. तुमच्याकडच्या महाविद्यालयीन बॉलरूम स्पर्धांत एका पातळीवर ७ गुण साठले की ती पातळी सुटते. आपल्याकडे मोजकेच अर्ज येतात, गुणांचा हिशेब कोण ठेवणार? पहिलं बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी वर, एवढंच पुरे. वयोगट तिचाच राहणार, ती मोठ्या मुलींत जात नाही. कदाचित यंदा नंबर येणार नाही. तिला आजपासून सांगत राहा की वरच्या वर्गात गेलीस. निकालाच्या दिवशी सांगाल तर रडेल.

समितीला अजून एक. एखाद्या गटात दोनच अर्ज आले तर मुलांच्या पातळ्या एकत्र करा, वयं नको. मोठ्यांचं नेमकं उलट: तिथे वयं एकत्र आहेतच, ती चालतील; पातळ्या एकत्र नकोत. चाळिशीत पहिल्यांदा पायात घुंगरू बांधणारी बाई वीस वर्षांच्या नवशिकीबरोबर मजेत नाचते. तिला विशारद झालेल्या बाईसमोर उभं केलं तर ती पुन्हा रंगमंचावर येत नाही. अशा दोघी मला माहीत आहेत.

आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्यांना प्रवेश खुला ठेवा. सदस्यत्वाची अट त्यांना लावू नका.

सांस्कृतिक समिती, न्यू जर्सी

ताई, सगळं घालतो. आज्यांची अट आत्ताच काढली. फक्त दोन वर्षांच्या मुभेचं वाक्य नीट जमत नाहीये.

ताई, ठाणे

शनिवारी क्लास संध्याकाळी सातला सुटतो, तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ. तेव्हा फोन करा, दोघं मिळून लिहू. गेल्या वर्षीच्या समूहांची वयं हाताशी ठेवा, त्यांच्यावर नियम लावून बघू.