ड्यूमाचं पहिलं पुस्तक कोणतं घेऊ? (बजेट 500)

रानवाट: अलेक्झांडर ड्यूमा वाचायचाय. इंग्रजी अनुवाद चालेल. 500 रुपयांच्या आत आणि लोकलमध्ये उभ्याने धरता येईल असं सुचवा. बाप-लेकाचं नाव एकच, त्यामुळे शोधताना गोंधळ होतोय.

शाईपेन: डोळे मिटून 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. रॉबिन बसचा अनुवाद, 1200च्या वर पानं. माझ्याकडे कापडी बांधणीची प्रत आहे. बजेटच्या दुप्पट पडली, पण कपाटात काय शोभते!

कोकणकडा: अनुवादकाचं नाव बघूनच घ्या. मला एका विक्रेत्याने 'संपूर्ण' म्हणून पाठवली ती निम्म्याहून कमी निघाली. नायक दांतेस शातो दीफच्या तुरुंगात पडतो काय, लगेच बाहेर येतो काय! सोबतचा कैदी फारिया त्याला शिकवतो ते सगळं उडवलेलं.

मांडवीकाठ: फारिया आमचा! कांदोळीला 1756 साली जन्मलेला आबे फारिया, संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक. पणजीत पुतळा आहे. ड्यूमाने त्याला इटालियन करून टाकला, याचा राग अजून जात नाही.

शाईपेन: कादंबरी आहे, चरित्र नव्हे.

तळटीप: श्रेय ऑग्युस्त माकेलाही द्या. कथानकाचे आराखडे त्याचे. कोर्टात गेला, पैसे मिळाले, पण सहलेखक म्हणून नाव नाही लागलं.

जुनीवही: आराखड्याने पुस्तक होत नाही, संवाद ड्यूमाचेच. आणि आडनावाबद्दल कुणी बोलतच नाही! ते आजीचं. मारी-सेसेत ड्यूमा, सँ-दोमँगमधली (आताचं हैती) गुलाम स्त्री. तिच्या मुलाने, म्हणजे लेखकाच्या बापाने, 1786 मध्ये सैन्यात जाताना उमराव बापाचं नाव टाकून आईचं लावलं आणि जनरलपदापर्यंत पोचला. पुढे दक्षिण इटलीत कैद भोगून खचला, लेखक चार वर्षांचाही नसताना गेला. हे माहीत असलं की दांतेसची कोठडी वेगळीच वाचली जाते. 2002 मध्ये लेखकाच्या अस्थी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये, थोरांच्या समाधिस्थानात नेल्या, ते आजीच्या नावानिशी.

कोकणकडा: +1. पण घ्यायचं तर बसचाच अनुवाद.

सायंकाळ: लोकलमध्ये 1200 पानं? 'थ्री मस्केटिअर्स' घ्या. 1844 मध्ये वृत्तपत्रात क्रमशः आलेली, दोन स्टेशनांत एक प्रकरण होतं. मला तर उतरायचं भान राहत नाही.

शाईपेन: मॉन्टे क्रिस्टोही क्रमशःच होती.

रानवाट: सगळ्यांचे आभार. धाकट्या ड्यूमाचं 'लेडी ऑफ द कॅमेलियाज' मागवलं. 1848चं, सडपातळ, बजेटात बसलं. व्हेर्दीचा 'ला त्राव्हिआता' हा ऑपेरा त्याच्यावरूनच आहे आणि तो मला फार आवडतो. मोठा ड्यूमा दिवाळीच्या सुट्टीत, घरी बसून. तेव्हा बसचाच घेईन.

शाईपेन: विचारलं होतं थोरल्याबद्दल!