हसून आठवावा असाच होता तो

वर एकांनी लिहिलंय, गेलेल्या मित्राचे गमतीचे किस्से सांगायला संकोच वाटतो. मला उलट वाटतं, हसवणाऱ्या माणसाला हसूनच आठवावं.

आमचा मित्र गोव्यातल्या फोंड्याकडचा, नाटकवेडा. गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात त्याला दूताचं एकच वाक्य होतं, "महाराज, शत्रू चालून येतोय." हा रंगमंचावर आला, पहिल्या रांगेत आई दिसली, आणि म्हणाला, "महाराज, आई आलीय!" महाराजांनी (काय प्रसंगावधान!) शांतपणे हुकूम सोडला, "त्यांना मानानं आत आणा." पुढचा प्रवेश कोणाला ऐकूच आला नाही.

माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढी द्वादशीला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो. अंगाला तेल चोपडून सगळे चिखलात उतरतात, मग कोण कुठला ओळखूच येत नाही. यानं धाकटा भाऊ समजून एकाला खांद्यावर उचललं, ते निघाले शाळेतले गणिताचे सर. सर वरूनच म्हणाले, "सातवीतले मार्क अजून विसरला नाहीस वाटतं!"

बाराव्याला वहिनींनीच हे किस्से आमच्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतले. दूताच्या किश्श्याला सगळ्यांत मोठ्यानं त्याची आई हसली.