'मी कोण?' विचारलं की मन कोरं पडतं, पेंग येते. आत्मविचार नेमका करायचा कसा?

मुक्ता_क:
'मी कोण?' असं विचारायचं आणि शब्दांत उत्तर शोधायचं नाही, एवढं वाचून रोज बसते. होतं असं की एकतर त्या प्रश्नाचाच जप होऊन बसतो, नाहीतर सगळं कोरं पडून मान खाली जाते. हे कोरेपण म्हणजेच स्वरूप का? आणि नेति नेति ('हे मी नाही, तेही मी नाही' असं एकेक बाजूला सारणं) यासोबतच करायचं की वेगळं?

उंबरठा:
नाही, तो लय, म्हणजे मन झोपेत विरणं. समाधीची चार विघ्नं सांगितली आहेत: लय, विक्षेप (मन भरकटणं), कषाय (जुन्या वासनांनी मन अडून राहणं) आणि रसास्वाद (मिळालेल्या सुखातच रमणं). तुमचं पहिल्यावरच अडलंय, बहुतेकांचं अडतं. 'सगळं कोरं होतं' हे तुम्ही सांगू शकता, म्हणजे ते कोरेपणही जाणलं गेलं. जाणलं गेलं ते दृश्य, म्हणजे पाहिली जाणारी वस्तू. तुम्ही ते नव्हे.

जप होतो कारण विचार नसतानाही प्रश्न घोळवला जातो. विचार उठू द्या. समजा आलं, 'दार लावलं का?' दाराच्या मागे जायचं नाही. हा विचार कोणाला आला? 'मला.' आता 'मला' या शब्दावर नाही, त्यामागे 'मी आहे' अशी जी साधी जाणीव आहे तिच्यावर थांबायचं. सुरुवातीला दोन-तीन सेकंदांत सुटते. सुटू द्या, पुढचा विचार येईलच, त्याची कधी टंचाई नसते! 'मी कोण?' हा विचार शिकवणाऱ्या रमण महर्षींनी 1902 च्या सुमारास लिहून दिलेल्या उत्तरांत हाच क्रम आहे; चिता ढोसणारी काठी शेवटी चितेतच जळते तसा हा प्रश्नही संपतो, असं ते म्हणतात.

पेंगेसाठी: डोळे अर्धे उघडे, पाठ न टेकता, जेवणावर लगेच नको, अर्ध्या तासाऐवजी 10-15 मिनिटं दोनदा. रात्रीची झोपच अपुरी असेल तर आधी ती पुरी करा.

दृग्दृश्य:
वरच्याशी सहमत, पण श्रवण-मननाशिवाय (शास्त्र ऐकणं आणि त्यावर विचार करणं) नुसतं बसण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत. श्रवण-मननाने शंका फिटतात; 'मी म्हणजे देहच' ही जुनी सवय मोडायला निदिध्यासन, म्हणजे पटलेलं ध्यानात मुरवणं. शंका तशाच ठेवून बसलं की बैठकीत वाद सुरू होतो.

नेति नेति वेगळं करा, बैठकीच्या आधी. 'मी देह नाही' असं घोकू नका, ती नुसती भावना होते. तैत्तिरीय उपनिषदातल्या पाच कोशांच्या (देह, प्राण, मन, बुद्धी, आनंद ही 'मी'वरची आवरणं) क्रमाने पाहा. गुडघ्यात कळ आली: कळ कळतेय. श्वास जड झाला: तेही कळतंय. कंटाळा आला: कळतोय. 'मला आता जमायला लागलं' असं वाटलं: हेसुद्धा कळतंय. इथे, विज्ञानमयात म्हणजे बुद्धीच्या कोशात, भले भले फसतात. निरीक्षण करणाऱ्यालाच साक्षी (काही न करता नुसतं जाणणारा) समजतात. ओळखायची खूण अशी: ज्याला निरीक्षण चांगलं-वाईट जमतं तो कर्ता. साक्षीला काही जमवायचं नसतं. आनंदमयाचं तेच, शांत वाटलं तरी ते 'वाटलं'.

काठावरचा:
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. स्वतःपासून तुटल्यासारखं, जग खोटं किंवा काचेपलीकडचं वाटणं, भावना बधिर होणं, त्यात भीती असणं, हे साक्षीभाव नव्हे. असं बैठकीनंतरही टिकलं तर साधना थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'प्रगती होतेय' म्हणून रेटू नका. आणि घरात भांडण झालं की 'मी तर साक्षी' म्हणून गप्प बसणं ही निव्वळ पळवाट. राग आला की अंगात कुठे कळतो ते बघा, आणि माफी मागायची असेल तर मागा.

मुक्ता_क:
बधिरपणा नाही, नुसती झोपच. मग गाढ झोपेत तरी 'मी' असतो ना? तिथेही काहीच कळत नाही.

उंबरठा:
उठल्यावर 'गाढ झोपले, काही कळलं नाही' म्हणता ती आठवण आहे, अंदाज नव्हे. अनुभवलं नसेल तर आठवेल कसं? अद्वैतवाले नेमका हाच मुद्दा धरतात. मांडुक्य उपनिषदात बाराच मंत्र आहेत, झोपेवरचा पाचवा. तिथून वाचायला घ्या.