सिस्टर, माझं जरा बघा ना

शाळेच्या सिक रूममध्ये येणाऱ्या मुलांत खरी आजारी थोडीच. बाकीची येतात ती कागदानं कापलं, डास चावला, सॉक्स ओले झाले म्हणून. मी मुंबईतल्या एका शाळेत सिस्टर आहे. वहीत अशा नोंदीपुढे ‘किरकोळ’ लिहायची पद्धत आहे, पण धावत आलेल्या मुलाला ते किरकोळ वाटत नसतं. कागदाची चीर झोंबते खूप, कारण बोटाच्या टोकाला संवेदना जास्त. बोराची बी गिळलेल्या पहिलीतल्या मुलीला पोटात झाड येईल अशी खरीच धास्ती असते. तिला ‘जा वर्गात’ म्हणणं मला जमत नाही. जवळ बसवून सांगते की बी पोटात रुजत नाही, शीच्या वाटेनं निघून जाते. मग ती जाते.

शिक्षक, पालक, मावशी, त्या खोलीत कधीकाळी बसलेले विद्यार्थी, सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा.

दादर, माजी विद्यार्थी

आमच्या मराठी शाळेत सिस्टर नव्हत्या. प्रथमोपचाराची पेटी पी.टी.च्या सरांच्या कपाटात. दुखलं तर आयोडेक्स, चक्कर आली तर ग्लुकॉन-डी. चौथीत बाकावरच्या मित्राची पेन्सिल माझ्या तळव्यात घुसली. शिसं अंगात भिनलं की माणूस मरतो, असं वर्गात कुणीतरी छातीठोक सांगितलं. मी रडत सरांकडे. त्यांनी हात साबणानं धुतला, मग एक पेन्सिल उभी चिरून आतली काडी दाखवली. म्हणाले, ‘शिसपेन्सिल म्हणतात, पण यात शिसं नसतं. ग्राफाइट आणि माती.’ मला विज्ञानाची गोडी तिथून लागली.

गोरेगाव, पालक

मुलीचा पहिला दात डब्यातली पोळी खाताना पडला. सिस्टरांनी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली, दात कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला. आजीनं सांगितलेलं, दात उंदराच्या बिळात टाकायचा. आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर. बीळ कुठून आणायचं, हे विचारायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सिस्टरांकडे! त्या म्हणाल्या, शाळेच्या आवारात झाडाखाली पुरू. मधल्या सुट्टीत दोघींनी पुरला.

कुर्ला, महापालिका शाळेतली शिक्षिका

जंतनाशक दिन म्हणजे आमची परीक्षा. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी समोर चावून खायला लावायची. एकाला मळमळलं की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांना मळमळतं. यातलं थोडं खरं असतं, पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर काहींना मळमळतं, पोटात दुखतं. म्हणून कुणालाही खोटारडा ठरवायचं नाही. व्हरांड्यात सावलीत बसवते, घोटघोट पाणी देते, लक्ष ठेवते. खिचडीचं पातेलं आलं की बहुतेक जण ताटली घेऊन उभे. जो तेव्हाही उठत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांना फोन.

गिरगाव, माजी विद्यार्थिनी

आमच्या मुलींच्या शाळेत सातवीनंतर ‘पोटात दुखतंय’चा अर्थ सिस्टर आवाजावरून ओळखत. खोलीत कुणी पुरुष असेल तर आम्ही ‘बँडेड हवं’ म्हणायचो. त्या काही न विचारता खालचा खण उघडत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅड देत, वर गरम पाण्याची पिशवी. पाळी पहिल्यांदा शाळेतच आलेल्या किती जणींना त्यांनी सावरलं असेल!

कलिना, निवृत्त शिक्षिका

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आमची बरीच मुलं शाळेतच अडकली. वीज गेलेली, फोन लागेनात. सिस्टर दुपारीच घरी गेलेल्या, म्हणून पेटी माझ्याकडे आली. अंधार पडल्यावर रांगच लागली. एकाचा गुडघा खाजतो, एकीच्या कानात पाणी गेलंय, एकाला पायाला मुंग्या आल्यात. एक धिप्पाड आठवीतला मुलगा येऊन म्हणाला, ‘बाई, नख दुखतंय.’ कुठलं, ते त्याला सांगता येईना. घरच्यांचा पत्ता नव्हता आणि ‘आई हवी’ असं म्हणायची त्या वयात लाज वाटते. मी मेणबत्तीच्या उजेडात प्रत्येकाचं दुखणं नीट पाहिलं. पेटीतलं मलम संपलं तशी पर्समधली कोल्ड क्रीमची डबी काढली. ज्याला लावलं तो शेजारच्या सतरंजीवर जाऊन झोपला. आठवीतल्यानं दहाही नखांना लावून घेतली. सकाळी पालक पाण्यातून वाट काढत येऊ लागले.

बोरिवली, पालक

मुलाचं डोकं दुखायचं ते फक्त शाळेत. सिस्टरांनी प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि कुठला तास, एवढं लिहून ठेवलं. गणित, भूगोल, विज्ञान. चित्रकलेत आणि पी.टी.त कधीच नाही. टाळाटाळ करतो, असं कुणीही म्हणालं असतं. त्यांनी त्याला दारात उभं करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. आकडे दिसेनात. चष्मा लागला, डोकं थांबलं.

सिस्टर

बोरिवलीकर, तुमच्या सिस्टरांची पद्धत आजपासून माझीही. आता ऑक्टोबरचं ऊन आलंय, घोळणा फुटलेली मुलं येतील, म्हणून शिक्षकांना विनंती. कांदा हुंगायला देऊन मान वर करायला लावू नका, रक्त घशात उतरतं. खाली बसवा, डोकं पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत सलग 10 मिनिटं धरा, श्वास तोंडानं. मी मुलाच्या हातात माझं घड्याळ देते, मिनिटं त्यालाच मोजायला सांगते. तेवढ्यात बहुतेकांचं थांबतं. पुन्हा 10 मिनिटं धरूनही थांबलं नाही, तर दवाखान्यात न्या.